दरड कोसळली की तहसीलदाराने माणसं शोधायची की हेलिपॅड आखायचं?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऑफिसात डबा खाताना वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला म्हणून इथे टाकतोय. प्रश्न साधा आहे. गावावर दरड कोसळली, धरण फुटलं, पूल पडला की पहिल्या दोन-तीन दिवसांत तहसीलदार, प्रांत, कलेक्टर या लोकांच्या ऑफिसने नेमकं काय करायचं असतं? टीव्हीवर तर ही माणसं फक्त कोणातरी मंत्र्याच्या मागे डायरी घेऊन मान डोलावत उभी दिसतात.

मी चिपळूणचा. २ जुलै २०१९ ला रात्री साडेनऊच्या सुमाराला तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी गेली, वीसेक माणसं गेली. धरण गळतंय हे गावातले लोक आधीपासून सांगत होते. मग जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं, आणि पुढचा आठवडा सगळा महाराष्ट्र खेकड्यांवर बोलत होता. ठाण्यात राष्ट्रवादीची मंडळी खेकडे घेऊन पोलीस स्टेशनला गेली, यांना अटक करा म्हणून. हसू येतं मान्य आहे, पण त्या गदारोळात गळतीचा अर्ज कोणाच्या टेबलावर पडून होता हा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

माझं मत सांगतो. अशा वेळी महसूल खात्याची निम्मी ताकद वरच्यांचा राग सांभाळण्यात जाते आणि सगळं शमलं की बळी जातो एखादा तलाठी नाहीतर ज्युनियर इंजिनियर. पटत नसेल तर खोडून काढा. आतली माहिती असलेल्यांनी जरूर लिहा.

टवाळ_बंड्या

खुर्ची टाकून बसलोय. निवृत्त काका कुठे आहेत? त्यांना हाक मारा कोणीतरी.

सह्यभटका

इर्शाळवाडीचं सांगतो कारण इर्शाळगडला जाता-येता त्या वाडीत आम्ही कितीदा जेवलोय. १९ जुलै २०२३ ला रात्री दरड आली. वाडीला गाडीरस्ताच नाही, खालून चौकच्या बाजूने तास-दीड तास चढ, त्यात धो धो पाऊस आणि चिखल. जेसीबी वर जाणं शक्य नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना, त्यामुळे एनडीआरएफची माणसं फावडी-कुदळी घेऊन हाताने उकरत होती. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तर मदतीला चढतानाच हार्ट अटॅकने गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता, आणि चार दिवसांनी शोध थांबवला.

आता यात तहसीलदार काय करणार होता? खरा प्रश्न आधीचा आहे. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारने विधिमंडळात स्वतःच सांगितलं. यादीत नाही म्हणजे पावसाळ्याआधी नोटीस नाही, स्थलांतर नाही, काहीच नाही.

गावठी_पत्रकार

धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. मंत्री आले म्हणजे फक्त अडचण होते असं नाही. इर्शाळवाडीला गिरीश महाजन पहाटे वाडीपर्यंत चढून गेले होते, मुख्यमंत्री शिंदे पण पायी वर गेले. एवढी मोठी माणसं जागेवर उभी असली की फायली फिरवाव्या लागत नाहीत. सिडकोचे मजूर पाहिजेत, कंटेनर पाहिजेत, तिथल्या तिथे फोन. कलेक्टरने रीतसर पत्र पाठवलं असतं तर किती वेळ गेला असता विचार करा.

बरं, हेच महाजन २०१९ च्या पुरात बोटीतून हसत हात हलवतानाच्या व्हिडिओमुळे शिव्या खाऊन बसले होते. माणूस तोच. त्यामुळे दौरा वाईट की चांगला असं सरसकट म्हणता येत नाही.

शिरोळची_सून

बोटीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं लिहिते. ऑगस्ट २०१९, कृष्णा-पंचगंगा दोन्ही फुगलेल्या, आम्ही सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर. अशात ७ ऑगस्टचा जीआर मोबाईलवर फिरायला लागला की किमान दोन दिवस क्षेत्र पाण्यात असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट. लोक इतके भडकले की विचारू नका. म्हणजे दीड दिवस पाणी असलं तर काय उपाशी मरायचं का? आणि पाठोपाठ मदतीच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदारांचे स्टिकर!

पण राग निघाला कोणावर? आमच्या तलाठ्यावर. बिचारा गुडघाभर पाण्यातून यादी घेऊन आलेला आणि बायका त्याला घेरून विचारतायत, पाणी किती तास होतं ते तू घड्याळ लावून मोजलंस का. जीआर त्याने काढला नव्हता हो, मंत्रालयातून आलेला. पण मंत्रालय शाळेत येत नाही ना, तलाठी येतो.

टवाळ_बंड्या

ताई, "घड्याळ लावून मोजलंस का" म्हणणाऱ्या त्या बाईंना विधानसभेचं तिकीट द्या.

निवृत्त_नायब

प्रवासात होतो, आत्ता पाहिला धागा. नायब तहसीलदार म्हणून कोकणात बरीच वर्षं काढली आहेत, तालुका सांगत नाही, जे पाहिलं ते लिहितो. लांबेल, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिला फोन येतो पोलीस पाटलाचा किंवा तलाठ्याचा, बहुतेक वेळा रात्रीच. तो तालुक्याच्या कंट्रोल रूममधून प्रांत, आरडीसी (निवासी उपजिल्हाधिकारी), कलेक्टर असा वर जातो. आणि वरून जो पहिला प्रश्न उलटा येतो तो "काय पाहिजे" असा नसतो, "आकडा किती" असा असतो. पालकमंत्र्यांचा पीए, आयुक्त ऑफिस, मंत्रालयातला नियंत्रण कक्ष, चॅनेलवाले, सगळ्यांना आकडा पाहिजे. आणि दोन ठिकाणी दोन आकडे गेले की संपलं, "प्रशासन लपवतंय" ही पट्टी चालू.

आता तो आकडा बनतो कसा हे सांगतो, कारण खरं काम तिथे आहे. ढिगाऱ्याखाली किती जण आहेत हे कळायला आधी त्या रात्री घरात कोण कोण होतं हे कळावं लागतं. मतदार यादी घेतो, रेशनकार्डाची यादी घेतो, आशाताईंचं रजिस्टर, अंगणवाडी आणि शाळेची हजेरी. एकही दुसऱ्याशी जुळत नाही. अर्धे बाप्ये मुंबईला कामाला, नाव मात्र इथे. आषाढात लेकी माहेरी आलेल्या, त्यांचं नाव सासरच्या रेशनकार्डावर. मुलं आश्रमशाळेत, म्हणून वाचलेली, पण यादीत घरातच. शाळेच्या वर्गात एक बाक टाकून आम्ही चार रकाने आखायचो, मयत, जखमी, बेपत्ता, सुखरूप. एकदा एकच माणूस दोन रकान्यांत आला. गावात त्याला हाक मारायचे बाळ्या, आणि आधारवर नाव पांडुरंग. बाळ्या सुखरूप, पांडुरंग बेपत्ता! त्याचा चुलता स्वतः येऊन म्हणाला, साहेब हे दोघे एकच, तो बघा बाहेर विडी ओढतोय. एक माणूस जिवंत सापडला असा आनंद झाला आम्हाला, खोटं कशाला सांगू.

हे चालू असताना दौरा कार्यक्रम येतो. मोठा मंत्री हवेतून येणार असेल तर जागा बघा, सपाट करा, चुन्याने एच काढा, वाऱ्याची दिशा कळायला झेंडा किंवा धूर, अग्निशमनची गाडी उभी पाहिजे, डॉक्टरसकट अँब्युलन्स उभी पाहिजे, पोलीस बंदोबस्त. तालुक्यात धड चालणाऱ्या अँब्युलन्स किती असतात? त्यातली एक त्या चुन्याच्या एचशेजारी उभी राहते. नियम आहे, चूक कोणाचीच नाही, पण उभी राहते.

टवाळ_बंड्या

म्हणजे चुना शेवटी कोणाला लागतो ते कळलं.

मीनल_डॉ

काकांच्या अँब्युलन्सला अनुमोदन. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना अशाच एका घटनेत ड्युटीला होते. पोस्टमॉर्टेम जागेवर शेड टाकून करतात, कारण दोन दिवसांनंतर देह न्यायच्या अवस्थेत नसतो. ओळख पटवायची ती गोंदणावरून, पायातल्या जोडव्यांवरून, कोणाच्या कमरेच्या करदोट्यावरून. आणि तुमच्या त्या चार रकान्यांतलं नाव आणि माझ्या कागदावरचं नाव यात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर पुढे वारसाला चेक निघताना अडतो. म्हणून रात्री दोन वाजता मी आणि एक क्लार्क टॉर्चच्या उजेडात स्पेलिंग तपासत बसलो होतो. हे कोणत्याच चॅनेलवर दिसत नाही आणि दिसूही नये.

अटलांटाचा_अण्णा

इकडेही वेगळं नाही बरं का. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी सक्तीचं स्थलांतर जाहीर केलं ते वादळ धडकायच्या आदल्या दिवशी. नंतर शहर, राज्य, केंद्र तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि फेमाच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याच्या, प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला.

टवाळ_बंड्या

अण्णा, यावेळी "इकडे सिस्टीम आहे" म्हणाला नाहीत, तब्येत बरी आहे ना?

अटलांटाचा_अण्णा

@बंड्या सिस्टीम आहे रे, पण पाणी शिरलं की ती पण पोहायला लागते.

कायदेशीर_बोला

दोन गोष्टी स्पष्ट करतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम २५. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर आणि सहअध्यक्ष लोकांनी निवडून दिलेले, म्हणजे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कायद्याने लोकप्रतिनिधीला आत बसवलेलंच आहे. पण पत्रकार परिषदेत कधी पाहिलंय झेडपी अध्यक्षाला? मधली काही वर्षं तर निवडणुकाच नव्हत्या, सगळीकडे प्रशासक. म्हणजे शिव्या द्यायला जवळचं निवडून आलेलं माणूसच नाही, मग सगळा रोख कलेक्टरवर.

दुसरं, बेपत्तांचं. पुरावा कायद्याप्रमाणे एखादा माणूस ७ वर्षं कोणाला दिसला-कळला नाही तर तो मयत धरतात. दरडीत गेलेल्याच्या बायकोने सात वर्षं थांबायचं का? मृत्यूचा दाखला नाही तर वारस नोंद नाही, सातबारा नाही, विमा नाही, मदत नाही. २०१३ च्या केदारनाथच्या पुरानंतर यावर वेगळी पद्धत निघाली, बेपत्तांची यादी जाहीर करायची, हरकती मागवायच्या, मग अधिकाऱ्याने मृत्यू गृहीत धरून दाखला द्यायचा. इर्शाळवाडीच्या ५७ जणांनाही मयतच धरावं लागलं. काकांचे चार रकाने शेवटी याच कामाला येतात. बेपत्ताच्या रकान्यात नाव नसेल तर तो माणूस सरकारच्या लेखी मेलेला नाही आणि जिवंतही नाही.

शिरोळची_सून

रक्कम किती मिळते नक्की? दर वेळी वेगळंच ऐकू येतं.

कायदेशीर_बोला

एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या) निकषात मयताच्या वारसाला ४ लाख. पंतप्रधान निधीतून बहुतेक वेळा २ लाख वेगळे जाहीर होतात, राज्याची घोषणा त्याहून वेगळी. गावात तिन्हींची बेरीज सांगितली जाते, चेक मात्र तीन वेगळ्या दिवशी येतात किंवा येत नाहीत, आणि मधल्या दिवसांत "तहसीलने पैसे खाल्ले" ही बातमी पक्की होते. आणि तुमच्या दोन दिवसांच्या अटीचं मूळही निकषात आहे. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात पाहिजे असं तिथे लिहिलेलं होतं. कोणीतरी तीच ओळ उचलून धान्याला लावली असणार.

कडू_पण_खरं

सगळे मिळून महसूलवाल्यांची आरती ओवाळताय. मी उलटं बोलतो.

हे लोक आपत्तीनंतर रात्रभर जागतात, मान्य. पण आधी काय करतात? गावकऱ्याने अर्ज दिला की धरण गळतंय, डोंगराला भेग पडलीय. तो अर्ज कचेरीत आवक होतो, त्यावर क्लार्क टिपणी टाकतो आणि "पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित" असा शेरा मारून पाटबंधारेला जातो. पाटबंधारे म्हणतं हे धरण आमच्याकडे नाही, जलसंधारणकडे. जलसंधारण म्हणतं देखभाल झेडपीकडे. शेवटी अर्ज फिरून "माहितीस्तव" म्हणून परत तहसीलला. प्रत्येकाकडे जावक क्रमांक आहे, म्हणजे प्रत्येकाने काम केलं! चौकशी लागली की सगळे आपापला जावक क्रमांक दाखवतात.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल घ्या, २ ऑगस्ट २०१६ ला वाहून गेला. रात्री दोन एसट्या आणि इतर गाड्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असं ठरलं होतं. मग नवा पूल बांधला किती दिवसांत? १६५. करायचं ठरवलं तर होतं. कुंडमळ्याला, १५ जून २०२५, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत पडला, चार जण गेले. धोकादायक म्हणून बोर्ड लावलेला होता, नव्या पुलाला मंजुरी होती, काम सुरू नव्हतं. बोर्ड लावला की यांची जबाबदारी संपते. एखाद्या रविवारी एक होमगार्ड तरी उभा करायचा.

निवृत्त_नायब

@कडू_पण_खरं, अग्रेषितचं जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो शेरा मी स्वतः शेकड्याने मारलेला आहे. तहसीलदाराला धरणाची भिंत कळत नाही, तो इंजिनियरला पाठवणार, एवढंच म्हणतो.

होमगार्डचं मात्र पटत नाही. एका तालुक्यात असे किती पूल, किती धबधबे, किती कडे? प्रत्येक ठिकाणी माणूस उभा केला तर कचेरीत पंखा बंद करायलाही कोणी उरणार नाही. आणि बंदीचा आदेश काढला की पहिला फोन स्थानिक पुढाऱ्याचाच येतो, साहेब आमच्या पोरांच्या वडापावच्या गाड्या आहेत तिथे.

गावठी_पत्रकार

वडापावच्या गाड्यांचा फोन +१. आणि तोच पुढारी पूल पडल्यावर कचेरीसमोर ठिय्या देऊन बसलेला असतो. मी दोन्ही बातम्या लिहिल्यात, फोटोतला माणूस एकच.

वाईकर

सगळं निराशाजनकच आहे असं नाही हो. मांढरदेवीची २५ जानेवारी २००५ ची चेंगराचेंगरी आठवत असेल. काळुबाईची यात्रा, नारळाच्या पाण्याने आणि तेलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानं पेटली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग बसला. तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांना शिव्या दिल्या, भाविकांना पण. पण आता यात्रेआधी प्रशासनाचा आदेश निघतो, पशुबळी नाही, वाद्यं नाहीत, नारळ-तेल पायऱ्यांवर नाही. पहिल्या काही वर्षांत त्यावरही राजकारण झालं, आमच्या श्रद्धेवर घाला वगैरे. प्रांत आणि पोलीस तेव्हा मागे हटले नाहीत. आज लोकांना त्यात वेगळं काही वाटतही नाही. थोडक्यात ऑफिसने ठरवलं आणि दर वर्षी तेच लावून धरलं तर होतं.

किल्लारीकर

दौऱ्यांवर एक राहिलं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र संपता संपता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. मी लहान होतो, घरचे बाहेर गणपतीच्या नादात होते म्हणून वाचलो. शरद पवार मुख्यमंत्री, ते त्याच दिवशी पोचले. पण पंतप्रधान नरसिंह रावांना त्यांनी सांगितलं होतं की लगेच येऊ नका, काही दिवस जाऊ द्या, नाहीतर सगळी यंत्रणा तुमच्याकडे वळेल. ही गोष्ट पवारांनी जुलै २०२१ मध्ये परत सांगितली, तळियेची दरड आणि चिपळूणच्या पुराच्या वेळी, जेव्हा रोज कोणी ना कोणी नेता कोकणात उतरत होता. जे पुनर्वसनाच्या कामात नाहीत त्यांनी दौरे टाळावेत, असं ते म्हणाले होते.

कडू_पण_खरं

विरोधी पक्षनेते दौऱ्यावर निघाले की दौरे टाळा, काय योगायोग.

किल्लारीकर

@कडू, राज्यपाल पण तळियेला गेले होते, आणि मुख्यमंत्री ठाकरे पण. टोमणा सगळ्यांनाच बसतो. पण विरोधकांनी जाऊच नये असं मीही म्हणणार नाही, कारण ते गेले नसते तर आमच्याकडच्या कितीतरी वाड्यांची नावं कधी छापून आली नसती. पाच गाड्यांनी यावं, पन्नास गाड्यांनी नको. आणि कलेक्टरला कॅमेऱ्यासमोर झापायचं बंद करा. चिपळूणला २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी अधिकारी हजर नाहीत म्हणून केलेला आरडाओरडा सगळ्यांनी पाहिला. अधिकारी एकाच वेळी तीन ताफ्यांबरोबर कसा असणार?

वाशिष्ठीकाठ

तो प्रसंग आमच्याच बाजारपेठेतला. खरं सांगू, त्या वेळी दुकानात चिखल काढत असताना तो आरडाओरडा ऐकून मला बरं वाटलं होतं. कोणीतरी आपल्या वतीने ओरडतंय असं वाटतं. चिखल मात्र आम्हीच काढला, आणि सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या पोरांनी.

सह्यभटका

पुनर्वसनावर कोणी बोललंच नाही. माळीण, ३० जुलै २०१४, दरडीखाली १५१ माणसं गेली. गाव दिसत नाहीये हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिथे गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या. नवं गाव आमडे इथे बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं दिली. छान घरं, फोटो पाहिले असतील. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात रस्ते खचले, भराव सुटला, आणि दरडीतून वाचलेली माणसं पुन्हा रात्र जागून काढत होती. यात परत जबाबदार कोण, ठेकेदार की ज्या समारंभासाठी घाई झाली तो समारंभ? तिवऱ्याच्या लोकांनी पण कंटेनरमध्ये दिवस काढले ना?

वाशिष्ठीकाठ

हो, काढले. पत्र्याचा डबा, एप्रिलमध्ये आत बसून बघा. नंतर सिद्धिविनायक ट्रस्टच्या पैशांतून अलोऱ्याला घरं झाली. सरकारी धरण फुटलं आणि घरं देवाने दिली, यावर आमच्याकडे लोक काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टवाळ_बंड्या

लिहा हो, संपादक झोपलेत.

मीनल_डॉ

एक विचारू का काका? चौकशी समितीच्या अहवालांचं पुढे काय होतं? आमच्याकडे जबाब घेऊन गेले ते गेलेच.

निवृत्त_नायब

डॉक्टरताई, अहवाल येतो, त्यावर "अनुपालन अहवाल" मागवला जातो, तो भरून जातो. तोवर त्या वेळचा कलेक्टर बदलून गेलेला असतो, प्रांत बदलून गेलेला असतो, तलाठी निलंबित होऊन परत रुजू झालेला असतो. नवीन माणूस फाईल उघडतो तेव्हा त्याच्यासाठी ती मागच्या साहेबांची फाईल. ज्याच्यावर राजकीय राग निघाला त्याला हलवून लोकांचं समाधान करायचं, आणि ज्याला त्या डोंगराची माहिती झाली होती तोच नेमका जातो. माझ्या मते धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर आहे. हेलिपॅडने एक दिवस जातो. बदलीने सगळं शिकलेलं जातं.

कडू_पण_खरं

याला मात्र दंडवत. पण निलंबन नको, बदली नको, मग करायचं काय? बढती द्यायची?

निवृत्त_नायब

चौकशी पूर्ण होईपर्यंत तिथेच ठेवा, पावसाळाभर. पळू देऊ नका. बढतीपेक्षा ती शिक्षा मोठी आहे.

गावठी_पत्रकार

वाक्य उचलतोय काका, "एक निवृत्त अधिकारी" म्हणून.

नवा_मेंबर_रायगड

नमस्कार, फक्त वाचक असतो, पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला माळावर भेग पडलीय. मागच्या पावसाळ्यात हात जाईल एवढी होती, यंदा गुरं तिच्यावरून जायला बघत नाहीत. ग्रामपंचायतीत सांगितलं, ते म्हणाले बघू. वरची सगळी चर्चा वाचून झोप उडाली आहे. कोणाला लिहायचं ते नीट सांगा, अग्रेषित होणार नाही असं.

निवृत्त_नायब

पहिलं म्हणजे जोराचा पाऊस लागला की रात्री वर झोपू नका. शाळा, समाजमंदिर, कोणाचा पाहुणा, कुठेही.

मग अर्ज. भेगेत काठी उभी धरून फोटो काढा, काठीवर फुटाच्या खुणा करा, तारीख लिहा. दर आठवड्याला तसाच फोटो, त्याच जागेवरून. अर्ज तहसीलदारांच्या नावे, प्रत प्रांत आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला, म्हणजे कलेक्टरांनाच. त्यात "भूवैज्ञानिक पाहणी करावी" असं स्पष्ट मागा, कारण नुसतं "धोका आहे" लिहिलंत तर तो अर्ज फिरत बसेल. किती घरं, किती माणसं, त्यात म्हातारी किती, लहान किती, हे घरटी लिहा. ही यादी आत्ताच केलीत तर आमच्यासारख्यांना नंतर करावी लागणार नाही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. जिल्ह्याच्या वेबसाईटवर आपत्ती आराखडा असतो, त्यात दरडप्रवण गावांची यादी असते, तुमची वाडी आहे का ती बघा. नसेल तर तेच अर्जाच्या पहिल्या ओळीत टाका. कंट्रोल रूमचा नंबर १०७७, घराघरात भिंतीवर लिहून ठेवा.

सह्यभटका

आमच्या ग्रुपात एक जिऑलॉजीवाला आहे, सरकारी नाही पण बघून सांगेल. गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या रविवारी येतो. पाऊस जास्त असेल तर वर जाणार नाही, खालूनच दुर्बिणीने बघू.

शिरोळची_सून

यादीत नाव लिहिताना आधारवरचं आणि हाक मारायचं दोन्ही लिहा हो. त्या बाळ्याचं आठवतंय ना.

नवा_मेंबर_रायगड

यादी आजच करतो. आमच्याकडे तीन बाळ्या आहेत. सगळ्यांचे आभार, सोमवारी प्रांत ऑफिसला जाऊन येतो आणि इथे कळवतो. @सह्यभटका, व्यनि केलाय, रविवारी जेवायलाच या.